तपासलेला वाटा

४ मार्च

या कत्तलखान्यात सगळे माझ्याशी फार गोड वागतात. पहिल्याच दिवशी कोणी इतकं गोड वागलं की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. मॅनेजरने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, स्वतःच्या हाताने गमबूट काढून दिले. ते दोन नंबरांनी मोठे निघाले.

काम असं आहे. डुक्कर कापलं की थोडं रक्त आणि यकृताचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्यायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. शोधायचा आहे तो एक विषाणू. डुकरांना त्याचं काही वाटत नाही, ती खुशाल खातात-लोळतात. अर्धवट शिजलेल्या मांसातून माणसाच्या पोटात गेला तर मात्र यकृताला सूज आणतो. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही, पण ज्याची प्रतिकारशक्ती आधीच कमी त्याच्या मानगुटीवर बसतो. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, यांनी हे प्रशिक्षणात दोनदा सांगितलं. मी एकदाच लिहून घेतलं. मला काही दोनदा सांगावं लागत नाही.

डुकरं मागच्या पायांनी आकड्याला लटकत साखळीवरून येतात. पोट उघडायला एकच माणूस. त्याला सगळे पोटफाडे मामा म्हणतात. सुरी एकदा वरून खाली फिरवली की आतडी एका ट्रेमध्ये, यकृत आणि बाकीचं दुसऱ्यात. तो ट्रे मामा माझ्यापुढे सरकवतात आणि मी कात्री लावते.

कात्री-चिमटा आमच्या टेबलावर राहू द्या, असं इथले लोक म्हणाले. मी कशाला राहू देऊ? आजवरची सगळी वर्षं मी जंतूंच्या विभागात काढली, स्वच्छता मला कोणी शिकवू नये. घरून ब्लीचचा डबा नेलाय. प्रत्येक डुकरानंतर हत्यारं त्यात बुडवायची आणि ओलीच पुढच्याला लावायची. मध्ये धुवायला नळ आहे, पण तो त्यांचा नळ. यकृताचे तुकडे ठेवायच्या नळ्यासुद्धा आतून ब्लीचने विसळून घेतल्या. रक्ताच्या तेवढ्या कंपनीने बंद करून पाठवलेल्या असतात, त्यांना हात लावता येत नाही.

मामा नाक मुरडून म्हणाले, "मॅडम, कलेजीला पोहण्याच्या तलावाचा वास यायला लागला."

वासाचा त्रास यांना का व्हावा?

९ मार्च

इथली एक पद्धत आज कळली. मी तुकडा काढलेलं यकृत अख्खं म्हणून विकता येत नाही. मग त्याचे वाटे पडतात, लाइनवरच्या माणसांत. तपासायला येणाऱ्याचाही एक वाटा. निकाल यायला आठवडे लागतात, तोवर कोण सांभाळून ठेवणार?

मामांनी माझा वाटा कागदात बांधून दिला. "घरी पेशंट आहे ना तुमच्या? रक्त वाढतं याने."

माझ्या घरी पेशंट आहे हे याला कोणी सांगितलं? बसमध्ये आठवलं, मीच. गमबूट घालताना.

पेशंट म्हणजे माझा नवरा. शिलाई मशीन दुरुस्त करतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले आणि माझ्या नणंदेने आपली एक दिली. तेव्हापासून घरी आली की ताई आधी त्याच्या कमरेवर चापट मारून विचारते, "माझा माल ठीक आहे ना?" ती किडनी परकी समजून शरीराने बाहेर काढू नये म्हणून याला रोज गोळ्या. त्या याची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. रक्त कायमचं कमी.

पुडी बघून स्वारी खूश. स्वयंपाक हल्ली त्याच्याकडेच आहे. गरम तव्यावर इकडून तिकडून जेमतेम फिरवतो, जास्त ठेवलं की चामडं होतं म्हणतो. मी तिकडे फिरकत नाही. दिवसभर तेच कापल्यावर मला भाजी-भाकरी बरी.

३० मार्च

पहिले निकाल आले आणि माझा संशय खरा ठरतोय.

टेकडीपलीकडच्या फार्मची डुकरं. रक्त सांगतं, जवळजवळ सगळ्यांना हा विषाणू कधी ना कधी होऊन गेलाय. आणि यकृतं? एकातही नाही. सगळी धुतल्या तांदळासारखी. मोठ्या बाई म्हणाल्या, बहुतेक डुकरं कापायच्या वयापर्यंत बरी होतात, पण इतक्यांत एखाद्या-दुसऱ्यात तरी सापडायला हवा. "बघू पुढच्या खेपेला."

या बघू म्हणतात. मी बघतेच आहे.

२ एप्रिल

सापडलं! टेकडीपलीकडचा फार्म मामांच्या जावयाचा आहे. लपवलंसुद्धा नाही, जेवताना स्वतःच सांगत होते, जावई कष्टाळू आहे वगैरे. इतकं उघड सांगणारा माणूस आत काय लपवत असेल?

जावयाच्या डुकरांत विषाणू निघाला तर त्याचा माल कोण घेणार? मग सासरे काय करणार? ट्रे माझ्यापुढे सरकवण्याआधी दुसऱ्याच फार्मचं चांगलं यकृत त्यात टाकणार. हात बघावेत त्यांचे, पत्ते पिसणाऱ्याला लाजवतील.

१४ एप्रिल

ट्रेवर नजर ठेवून काही हाती लागलं नाही, म्हणजे खेळ नळ्यांशी आहे. सापळा लावला आहे.

आता तुकडा काढला की यकृताच्या कडेला कात्रीने एक बारीक त्रिकोण कापते. मामांना वाटतं माझी कात्री बोथट झाली. घरी पुडी उघडली की आधी तो त्रिकोण शोधते. आजचा होता. म्हणजे मी तपासलं तेच यकृत घरी आलंय. मग त्याच यकृताचा आणखी एक तुकडा मी घरच्या सुरीने काढते, गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घालते, वर तारीख टाकते आणि डबी बर्फाच्या कप्प्यात, मटाराच्या पिशवीमागे. एकाच यकृताचे दोन तुकडे. एक सरकारी, एक माझा. दोघांनी वेगळं सांगितलं की नळ्यांशी कोणीतरी खेळतंय. नळ्यांची पेटी गाडीत चढेपर्यंत मामांच्याच मागे असते, हे मी लिहून ठेवते.

नवऱ्याला काही सांगितलं नाही. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तो पुडीची वाट बघत दारात उभा असतो, मी "थांब, धुऊन देते" म्हणून आत जाते आणि माझं काम उरकते.

२१ एप्रिल

त्याच्या रक्ताचा अहवाल वाईट आला. किडनी ठीक आहे, यकृताचे आकडे वाढलेत.

डॉक्टरांनी विचारलं, दारू? हा म्हणाला, "छे छे छे." तीनदा. एकदा म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता.

मग विचारलं, बाहेरचं खाणं, अर्धकच्चं मांस असं काही? हा म्हणाला, "आमच्या घरात मांस येतं ते तपासलेलं, डॉक्टर. हिचं कामच ते आहे."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. खरं सांगायचं तर छाती फुगली. इतक्या वर्षांत याने चारचौघांत माझ्या कामाचं कौतुक केल्याचं आठवत नाही. डॉक्टरांनी पुढचं काही विचारलं नाही. गोळ्यांमुळेही होतं कधी कधी, महिन्याने पुन्हा बघू म्हणाले.

पण ते छे छे छे डोक्यातून जात नाही.

२९ एप्रिल

संध्याकाळ झाली की हा कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे जातो. "जरा गप्पा मारून येतो." सायकलवाला दिवसभरात चार शब्द बोलत नाही, त्याच्याशी कसल्या गप्पा?

परत येतो तेव्हा केस एका बाजूला चपटे. गालावर वळ. डोळे जड. पाय ओढत चालतो. विचारलं की म्हणतो, मस्त वेळ गेला. तोंडाचा वास घेतला, बडीशेप. बडीशेप कोण खातं ते मला माहीत आहे.

जेवणावरून मन उडालंय. फक्त पुडी आली की खातो, तेही माझं मन राखायला खाल्ल्यासारखं. पिणाऱ्यांची भूक मरतेच.

ज्याच्यासाठी सख्ख्या बहिणीने पोट फाडून घेतलं, तो चोरून पितो. मला त्याचा इतका राग आला की न बोलता आडवी झाले, आणि शेजारी त्याची पाठ बघून रडू आलं.

६ मे

ताईला बोलावून घेतलं. मी एकटी किती दिवस पहारा करणार?

ती चप्पल काढायच्या आतच सुरू झाली. "माझा माल मातीत घालतोस होय रे? मी काय दोन-चार घेऊन बसले आहे का वाटायला?"

तो म्हणाला, "ताई, तुझी शपथ, थेंबसुद्धा नाही."

"मग रोज सायकलवाल्याकडे काय करतोस?"

तो खाली बघून मशीनचं चाक फिरवत राहिला. ताईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. झालं, कबुलीच ती.

जाताना ताई दारात म्हणाली, "वाळलाय गं फार." मी म्हटलं, दारू माणसाला वाळवतेच.

१५ मे

पकडलं! पकडलं! पकडलं!

सहा डब्या घेऊन गेले होते मोठ्या बाईंकडे. त्या म्हणाल्या, "घरच्या फ्रिजमधले तुकडे? हा पुरावा होत नाही हं." पण माझा चेहरा बघून लावले मशीनला. सहांपैकी दोनांत विषाणू! भरपूर! आणि त्याच दोन यकृतांच्या सरकारी नळ्या? स्वच्छ. मी खुर्चीवरून उठून टाळी वाजवली. बाई म्हणाल्या, "घाई करू नका. आधी तुमच्या नळ्या मी नीट तपासते." तपासा. मला जे कळायचं ते कळलं.

इतके दिवस सगळे मला संशयी म्हणत होते. नवरा म्हणायचा, तू आरशावरसुद्धा नजर ठेवतेस. आता बोला.

घरी आले तर घरभर तव्याचा वास. परवाची पुडी त्याने आज काढली होती. "आज खुशीत दिसतेस," म्हणाला. मी म्हटलं, खा तू पोटभर, आज माझा दिवस आहे.

१६ मे

मॅनेजरकडे तोंडी तक्रार केली. तो घाबरून हो हो म्हणाला. दुपारच्या आत मामांना लाइनवरून काढून डुकरांचे कप्पे धुवायला पाठवलं. जाताना त्यांनी सुरी पुसून म्यानात घातली आणि माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली नाही. चोराने वळवावी.

मामांच्या जागी आलेल्याचा हात कच्चा आहे, आतडी फोडतो. पण पुडी बांधून दिली त्यानेही.

१९ मे

आज दुसरा चोर पकडायला गेले. हा बाहेर पडल्यावर थोडा वेळ जाऊ दिला आणि थेट सायकलवाल्याच्या दुकानात शिरले. बाटली, ग्लास आणि ते दोघेही एकदम हाती सापडतील असं ठरवून.

दुकानाच्या मागे ट्यूबांच्या ढिगाशेजारी एक खाट आहे. त्यावर हा गाढ झोपला होता. तोंड उघडं. गाल खाटेच्या सुंभावर दाबलेला.

सायकलवाला हात पुसत म्हणाला, "उठवू नका. आत्ताच डोळा लागलाय."

"रोज हेच?"

"रोज. उभं राहवत नाही म्हणतात. घरी झोपलं तर तुम्ही काळजी कराल म्हणून इथे येतात. उठले की मळमळतं, मग मी बडीशेप देतो."

मी तिथेच पंपाशेजारी बसले. तो जागा झाला तेव्हा मला बघून हसला आणि मग त्याला भीती वाटली. दुकानाचा दिवा त्याच्या तोंडावर होता. त्याच्या डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा झालाय. मी त्याच्या तोंडाचा वास घेतला होता, चपटे केस बघितले होते, डोळ्यांत मात्र बघितलंच नव्हतं.

उद्या इस्पितळात.

२१ मे

मोठ्या बाईंचा फोन आला तेव्हा मी इस्पितळाच्या जिन्यात होते.

"तुम्ही नळ्यांत काय घालता हो?"

"काही नाही."

"विषाणू आहेच अशी खात्री असलेला तुकडा मी तुमच्या एका रिकाम्या नळीत घातला. तो नाहीसा झाला. कात्री कशात बुडवता?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, आपण विषाणूचा जो जनुकीय धागा शोधतो तो ब्लीचने तुटतो. जंतूंच्या कामाला ठीक. इथे बुडवल्यावर स्वच्छ पाण्याने धुवायला हवं होतं, म्हणून तर नळ दिला होता. कोणी काही बदललं नाही. तुमचे निकाल तुम्हीच धुऊन टाकलेत."

घरी मी भाजीची सुरी वापरली होती. तिला ब्लीच लावत नाही, कारण तिने त्याचं जेवण कापलं जातं.

फोन ठेवला. जिन्यावरून एक बाई डबा घेऊन वर चालली होती. तिच्या डब्यातून वास आला आणि तेव्हा, त्या क्षणी, मला पहिल्यांदा कळलं की त्या दोन यकृतांचा उरलेला भाग कुठे गेला. मी टाळी वाजवली होती. खा पोटभर म्हटलं होतं.

डॉक्टरांना शोधत मी सगळे मजले पालथे घातले. म्हटलं, याची ती चाचणी करा, विषाणूची, डुकरांच्या. ते म्हणाले, तुमच्याकडे तर सगळं तपासलेलं येतं ना? मी म्हटलं, करा.

२४ मे

आहे. त्याच्या रक्तात आहे.

डॉक्टरांनी नीट समजावलं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कमी करायच्या, म्हणजे शरीर विषाणूशी लढेल. पण तेच शरीर किडनीवरही उठू शकतं. रोज रक्त बघत पावलं टाकायची. जमलं नाही तर दुसरं औषध आहे. बरे होतात बहुतेक, म्हणाले. बहुतेक हा शब्द मी आजवर अहवालात कितीदा लिहिला असेल.

२५ मे

कत्तलखान्यात जाऊन तक्रार मागे घेतली. मॅनेजरसमोर, सगळ्या लाइनसमोर सांगितलं की चूक माझी होती. मग मागे गेले. मामा पाइप घेऊन कप्पा धूत होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

मी म्हटलं, "मामा, मी तुमच्यावर नको तो आळ घेतला."

त्यांनी पाणी बंद केलं. "मला एकदा विचारायचं होतंत, मॅडम. तीन फुटांवर तर उभा होतो."

मी आता शिव्या देतील म्हणून वाट बघत होते.

"पेशंट कसे आहेत?" त्यांनी विचारलं. "पुडी मिळतेय ना? माझ्या जागी आलेल्याला सांगून ठेवलं होतं मी, मॅडमचा वाटा आधी बाजूला काढ, घरी आजारी माणूस आहे."

मी त्यांना सांगितलं काय झालंय ते. असे वाटे कोणाला पुन्हा देऊ नका, निदान अर्धकच्चं खाऊ देऊ नका, हेही सांगितलं. ते भिंतीला टेकले. पाइपमधून राहिलेलं पाणी त्यांच्या पायांवर ठिबकत होतं. माझी चूक, पण चेहरा त्यांचा उतरला. मी "तुम्हाला काय माहीत" म्हणाले आणि तेवढ्याने काही झालं नाही.

२८ मे

किडनीचा आकडा, जो वाढता कामा नये, आज किंचित वर गेला. डॉक्टर म्हणाले, एका दिवसावरून काही ठरवायचं नाही.

ताई आली होती. तिने यावेळी कमरेवर चापट मारली नाही, नुसता हात ठेवला आणि माझ्यावर उसळली. "तू मांस तपासतेस ना गं? मग घरात आलंच कसं हे? मी याला पुन्हा कुठून देऊ?"

मी उभीच होते. बोलणारच होते. पण हाच उशीवरून उठून बसला.

"तिला बोलू नकोस, ताई. तुला माहीत नाही ती किती जपते. पुडी आली की आधी आत नेऊन एक तुकडा काढायची. मटाराच्या पिशवीमागे डब्या बघितल्यात मी, तारखा घातलेल्या. माझा वाटा तपासायची आणि मला कळूसुद्धा द्यायची नाही. तोंडाला चव नसायची, पण म्हटलं, ही एवढं करते तर खायलाच हवं. एखादा सुटला असेल हातून. माणूस आहे तीही."

ताईचा आवाज एकदम उतरला. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून पाणी आणायला बाहेर गेली.

गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. जन्मभर खपलं असतं. त्याचा चेहरा इतका निर्धास्त होता की तसंच राहू द्यावं असं फार वाटलं.

मी म्हटलं, "ते तुकडे तुझ्यासाठी नव्हते."

"मग?"

"मामांना पकडायचं होतं. मला वाटायचं ते फसवताहेत. तुझ्या ताटातलं तपासावं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी तुझ्यावर नजर ठेवून होते, तू पितोस म्हणून."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूहळू मागे टेकला. सलाइनची नळी गुंतली होती, ती मी सोडवली. त्याने हात काढून घेतला नाही, पण माझा धरलाही नाही.

छताकडे बघत त्याने विचारलं, "मग, सापडलं का कोणी?"